शिट्टीबाई आणि काडी

आमच्या शाळेच्या मैदानात शंभर मीटर सरळ बसत नव्हते. शाळा शहराच्या कडेला, बस जिथून परत वळते तिथे. दोन मजली इमारत, मागे मैदान आणि मैदानाच्या पलीकडे एका गोदामाची उंच भिंत. सुरुवातीची रेघ अगदी मुलांच्या मुतारीच्या दाराशी आखली, तरी शेवटची रेघ भिंतीच्या इतकी जवळ यायची की जोरात आलेलं पोर थेट विटांवर आदळायचं. शिट्टीबाईंनी त्यावर तोड काढली होती. कुठल्याशा वसतिगृहातल्या मोडीत निघालेल्या गाद्या आणून त्यांनी त्या भिंतीला उभ्या बांधून टाकल्या. पोरं पळत यायची, रेघ ओलांडायची आणि गादीवर धप्पकन आपटायची. नव्यानं आलेला शिक्षक शिकवता शिकवता त्या आवाजानं दचकायचा. आम्ही सांगायचो, घाबरू नका, कोणीतरी पहिलं आलं.

शिट्टीबाई म्हणजे आमच्या खेळाच्या बाई. नाव पोरांनी ठेवलेलं. त्यांच्या गळ्यातली शिट्टी घरी जातानाही गळ्यातच राहायची. शाळा लहान, त्यामुळे प्रत्येकाच्या गळ्यात दोन-दोन विषय. मी भाषा आणि इतिहास शिकवायचे, त्या खेळ आणि भूगोल. नकाशावर नदी दाखवतानाही त्यांचा आवाज मैदानावरचाच असायचा, आणि मधल्या भिंतीपलीकडे माझ्या वर्गाला इतिहासाऐवजी नद्याच पाठ व्हायच्या. बाईंचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. मुलगा एकुलता एक, बुद्धिबळ खेळणारा, आणि तेही बसून कंटाळा आला की आडवं होऊन. “आईचं सगळं पळणं संपल्यावर मी जन्मलो,” असं तो पाहुण्यांना सांगायचा. बाई हसायच्या, पण ते त्यांना थोडं लागायचंही.

आमच्या शाळेच्या दोनच गोष्टी लोकांना माहीत होत्या. एक म्हणजे निकाल, तो वाईट लागायचा. दुसरी म्हणजे पळणं. दहावीचा निकाल आला की हेडसर आठवडाभर खोलीबाहेर पडायचे नाहीत, आणि शर्यतींचे दिवस आले की तेच हेडसर शाळेच्या फाटकात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करायचे. शिक्षकांच्या खोलीतलं कपाट चषकांनी भरलेलं होतं. जागा पुरत नाही म्हणून त्यातल्या मोठ्या चषकांत आम्ही खडू ठेवायचो.

या दोन गोष्टींच्या मधोमध एक नियम होता. दोनपेक्षा जास्त विषयांत नापास झालेल्या मुलाला बाहेरच्या स्पर्धेत उतरता येत नसे. आणि आमच्या शाळेत बहुतेकांची गाडी अडायची ती गणितात. गणिताच्या सरांना पोरं काटकोन म्हणायची, कारण ते फळ्यापाशी तसेच उभे राहायचे, ताठ, भिंतीशी नव्वद अंशात. काटकोनसर आणि शिट्टीबाई यांचं वर्षानुवर्षं पटलेलं नव्हतं. मैदानावर मुलांचं डोकं गळून पडतं, असं सरांचं ठाम मत. आणि सर माझी पोरं मुद्दाम पाडतात, हे बाईंचं.

काडी आमच्याकडे आली ती आठवीत. उंच, सुकलेली, हातपाय नुसते लांबच लांब, म्हणून काडी. वडील कुठे आहेत हे कोणी विचारत नसे. आई मोठ्या दवाखान्याच्या तळघरातल्या धुलाईखान्यात कामाला होती. काडी वर्गात शेवटच्या बाकावर बसायची आणि काही विचारलं की खिडकीबाहेर बघायची. अभ्यासाशी काडीचा काडीचाही संबंध नाही, हा विनोद शिक्षकांच्या खोलीत वर्षभर चालला. मग एके दिवशी भूगोलाचा तास संपवून शिट्टीबाई आल्या आणि चहाचा कप हातात घेऊन नुसत्याच उभ्या राहिल्या.

“काय झालं?” मी विचारलं.

“ती काडी. घंटा झाल्यावर पाण्याच्या नळाकडे पळत गेली. मी वरून बघितलं.”

“मग?”

“मग काही नाही. पोरं पाण्यासाठी पळतातच.” त्यांनी चहा न पिता कप खाली ठेवला. “पण तशी नाही पळत हो.”

दुसऱ्या दिवसापासून काडी मैदानावर होती. मला पळण्यातलं काही कळत नाही, पण ती पळताना बघणं सोपं होतं. बाकीची मुलं पळताना दात-ओठ खायची, खांदे वर घ्यायची. हिचा चेहरा झोपल्यासारखा सैल असायचा. गादीवर आपटायची तीही अगदी हलकी, जणू कोणी उशी टेकवली. वर्षभरात ती तालुक्यातल्या सगळ्या मुलींच्या पुढे गेली. मुलींच्या रिलेत शेवटचा टप्पा तिचा. पाण्याच्या पाइपाचा तुकडा कापून बाईंनी दांडी केली होती. ती दांडी काडीच्या हातात आली की पुढचं बघायची गरजच नसे, इतकं ते ठरलेलं.

आणि मग नववीच्या पहिल्या परीक्षेत काडी तीन विषयांत नापास झाली. विज्ञान, इंग्रजी आणि अर्थातच गणित.

शिट्टीबाई काटकोनसरांच्या टेबलापाशी गेल्या. आम्ही सगळे वह्या तपासायचं सोंग करत कान टवकारून बसलो.

“सर, एक विषय सुटला तरी ती जिल्ह्याला जाईल.”

“मी मार्क वाढवणार नाही.”

“मागतंय कोण? शिकवाल का, एवढंच विचारायला आले.”

सरांनी चष्मा काढून पुसला. “शिकवतोच आहे ना. ती खिडकीबाहेर बघते.”

“खिडकी नसलेल्या खोलीत शिकवा.”

प्रयोगशाळेच्या मागे सामान ठेवायची एक खोली होती, तिला खरंच खिडकी नव्हती. सरावाच्या आधी तासभर तिथं काटकोनसर आणि काडी बसू लागले. पहिले काही दिवस सर बाहेर यायचे ते डोकं धरून. नंतर हळूहळू त्यांचा चेहरा बदलला. एकदा मला म्हणाले, “मुलगी मठ्ठ नाही. तिला कोणी थांबून सांगितलंच नव्हतं.” सरांच्या तोंडून कुणाबद्दल इतकं चांगलं मी कधी ऐकलं नव्हतं.

पुढच्या परीक्षेत काडी गणितात सुटली आणि जिल्ह्याच्या यादीत तिचं नाव आलं. जिल्ह्याला जाणाऱ्या मुलांची तपासणी करायला शाळेत एक डॉक्टर आले. वयानं लहान, बहुधा नुकतेच शिकून बाहेर पडलेले. रांग भराभर पुढे सरकत होती. जीभ दाखव, श्वास घे, जा. काडीपाशी रांग थांबली. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, काढली, पुन्हा लावली. तिला उकिडवं बसायला सांगितलं, मग उभं राहायला सांगितलं आणि पुन्हा ऐकलं. मग परत बस, परत ऊठ. शिट्टीबाईंना वाटलं, गुडघे बघताहेत. त्या कौतुकानं म्हणाल्या, “गुडघे एकदम मजबूत आहेत डॉक्टर.”

डॉक्टर म्हणाले, “हिला मोठ्या दवाखान्यात नेऊन हृदयाची सोनोग्राफी करून घ्या. तोपर्यंत पळू देऊ नका.”

मोठा दवाखाना म्हणजे काडीची आई जिथं कामाला होती तोच. ती तळघरातून वर आली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत ओले होते आणि अंगाला साबणाच्या वाफेचा वास होता. हृदयाच्या डॉक्टर मध्यमवयीन बाई होत्या, समजावून सांगणाऱ्या. हृदयाचा स्नायू एका बाजूला जाड झालाय, म्हणाल्या. जन्मापासूनच तशी घडण असू शकते. रोजच्या वागण्यात काही जाणवणार नाही. पण जोरात पळताना ठोका अचानक बिघडला, तर जागेवरच जीव जाऊ शकतो.

“पण तिला काहीच होत नाही,” काडीची आई म्हणाली. “आजारी माणसांच्या चादरी मी रोज धुते. आजारी माणूस कसा असतो ते मला कळतं. माझी मुलगी आजारी नाही.”

“म्हणूनच हे कळायला कठीण जातं,” डॉक्टर म्हणाल्या.

काडी पलंगावर बसून पाय हलवत होती. तिनं विचारलं, “जिल्ह्याला जाऊन आल्यावर थांबले तर?”

मग तिनं शिट्टीबाईंकडे बघितलं. बाई मला नंतर म्हणाल्या, मैदानावर त्या पोरीनं माझ्याकडे असं बघितलं की मी काहीतरी सांगायचे. पाय उचल, खांदे सोड, काहीतरी. त्या दिवशी सांगायला काही नव्हतंच.

एक आशा मात्र डॉक्टरांनी ठेवली. सतत पळणाऱ्यांचं हृदय थोडं जाड होतंच, आणि पळणं थांबवलं की ते पुन्हा पहिल्यासारखं होतं. हे तसं असेल, तर काही महिने पूर्ण विश्रांती घेतल्यावर फरक दिसेल. दिसला तर बघू.

त्या “बघू”वर आमची अख्खी शाळा जगली. हेडसरांनी जिल्ह्याच्या शर्यतीत काडीचं नाव मागे घेतलं आणि बाहेरच्यांना सांगितलं की तिचा पाय मुरगळलाय. काडी दिवसभर चालायची तीही जपून, एखादं भरलेलं भांडं नेत असल्यासारखी. जिने चढताना मैत्रिणी तिचं दप्तर घ्यायच्या. सरावाच्या वेळी ती गाद्यांपाशी बसून बाकीच्यांना ओरडून सांगायची, आणि काय आश्चर्य, तिचं सांगणं बाईंपेक्षा पोरं जास्त ऐकायची. बाकीचा वेळ ती त्या बिनखिडकीच्या खोलीत. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून असेल, किंवा परत पळायला मिळेल तेव्हा आडकाठी नको म्हणून, पण ती गणितं सोडवत बसायची. वार्षिक परीक्षेत काडी सगळ्या विषयांत पास झाली. गणितात तर तिच्या पुढे वर्गात मोजकीच मुलं होती. काटकोनसरांनी शिक्षकांच्या खोलीत स्वतःहून सगळ्यांसाठी चहा सांगितला. ती घटना आमच्याकडे अजूनही सांगतात.

दुसऱ्या तपासणीला शिट्टीबाईंनी मला सोबत नेलं. “मला एकटीला जमणार नाही,” एवढंच म्हणाल्या. अंधाऱ्या खोलीत काडी कुशीवर झोपली होती. यंत्राच्या पडद्यावर तिचं हृदय दिसत होतं, करडं, उघडझाप करणारं. डॉक्टर बराच वेळ मोजत राहिल्या. मग त्यांनी दिवा लावला. तिथंच मला कळलं, कारण चांगलं सांगायचं असतं तर त्यांनी दिवा लावायची वाट बघितली नसती.

फरक पडला नव्हता. जाडी तेवढीच होती. रोज गोळी घ्यायची, आणि शर्यतीचं पळणं आता कधीच नाही.

काडीची आई भिंतीला टेकून खाली बसली. परतीच्या बसमध्ये काडी आमच्या पुढच्या सीटवर बसली होती. शाळा जवळ आल्यावर मागे न वळताच तिनं विचारलं, “मग मी गणित कशाला केलं?”

दुसऱ्या दिवशी शिट्टीबाईंनी तिचं हे वाक्य काटकोनसरांना सांगितलं. सरांनी खडू उचलला. तास होता, तिकडे गेले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आमच्या शिपायानं बाईंना घरी निरोप पाठवला. सकाळी शाळा उघडायच्या आधी मैदानातून आवाज येतो. धप्प. थोड्या वेळानं पुन्हा धप्प. बाई उजाडताच आल्या. काडी एकटीच होती. मुतारीच्या दारापासून सुटायची, गादीवर आपटायची, चालत परत जायची आणि पुन्हा सुटायची.

बाईंनी शिट्टी तोंडात धरली, पण वाजवली नाही. त्यांनी मला सांगितलं, “मला कळेना. ओरडले तर ती घाबरून आणखी जोरात पळेल. नाही ओरडले तर पळतच राहील. मी शिट्टी वाजवली आणि त्याच क्षणी काही झालं तर? अहो, एवढी वर्षं मी शिट्टी वाजवली की पोरं पळतात. थांबवायला ती कशी वाजवायची?”

शेवटी त्या रेघेच्या मधोमध जाऊन हात पसरून उभ्या राहिल्या. काडी सुटलेलीच होती. ती सरळ त्यांच्या अंगावर आली आणि अगदी जवळ येऊन थांबली. बाईंनी तिला कवटाळलं आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. हाताखाली ठोके लागत होते, जोरात, पण एकसारखे. बाईंना ते बरे आहेत की वाईट हेही कळत नव्हतं.

“सोडा मला,” काडी म्हणाली. “बघा, काही होत नाही. रोज पळते, काही होत नाही.”

“होईल.”

“कधी?”

“ते मला माहीत नाही.”

“मग तुम्हाला माहीतच नाही.”

बाईंनी तिला सोडलं नाही. तिचा श्वास खाली बसेपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या. मग दोघी पायऱ्यांवर बसल्या. काडी रडली नाही, बाई रडल्या. त्या म्हणाल्या, मीच रडायला लागल्यावर ती माझ्याकडे जरा कंटाळून बघत होती, लहान मूल रडतं तेव्हा आपण बघतो तसं.

हेडसरांच्या कानावर गेलं. ते घाबरले. शाळेच्या आवारात काही झालं तर, या विचारानं त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी मैदानाच्या फाटकाला कुलूप घातलं आणि सकाळचा सराव सगळ्यांचाच बंद केला. मग जे व्हायचं तेच झालं. बाकीच्या मुली काडीवर चिडल्या. तोंडावर कोणी काही बोललं नाही, पण डबा खाताना तिच्या बाजूची जागा रिकामी राहू लागली. बाईंनी मुलींना एकत्र बसवून सांगितलं, दटावलं, समजावलं. मुली “हो बाई” म्हणाल्या. जागा रिकामीच राहिली.

शिट्टीबाई काडीच्या आईलाही जाऊन भेटल्या. सकाळी तिला घराबाहेर सोडू नका, एवढं सांगायला. आईची पहिली पाळी, ती उजाडायच्या आत घर सोडायची. ती म्हणाली, “तिला पळायला तुम्ही लावलंत ना बाई? मला विचारलंही नव्हतं. आता थांबवायचं तेवढं माझ्यावर टाकता?” आवाज न चढवता म्हणाली. मग लगेच म्हणाली, “बसा, चहा घ्या.” बाईंनी चहा घेतला. नाही म्हणायलाही त्यांना तोंड नव्हतं.

त्या वर्षीच्या शर्यतींना बाईंनी काडीला संघाबरोबर नेलं. तेवढंच तिचं मन रमेल म्हणून. तिच्याकडे काम दिलं, मुलींचे कपडे आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळायचं. आता वाटतं, नसतं नेलं तर बरं झालं असतं. पण नसतं नेलं तरी आम्हाला असंच वाटलं असतं. रिलेत तीन टप्प्यांपर्यंत आमच्या मुली पुढे होत्या. शेवटच्या टप्प्याला नवीन मुलगी होती. बिचारी जीव तोडून पळाली, पण दोघीजणी तिला मागे टाकून गेल्या. ती रडत येऊन काडीच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, “तू असतीस तर.” काडीनं तिला पाणी दिलं, तिच्या खांद्यावर तिचा शर्ट टाकला, बाकीच्यांचे कपडे नीट घड्या घालून पिशवीत भरले आणि पिशवी बाईंच्या हातात दिली.

त्यानंतर ती शाळेत आली नाही.

आम्ही तिघं तिच्या घरी गेलो. शिट्टीबाई, मी, आणि न सांगता बरोबर निघालेले काटकोनसर. एका दुकानाच्या मागच्या बाजूला दोन खोल्या. काडी दारातच कांदे चिरत बसली होती. आईनं आम्हाला खुर्च्या दिल्या आणि ती स्वतः उभी राहिली.

शिट्टीबाई बोलायला लागल्या. दहावी पूर्ण कर, पुढे खेळाचं शिक्षण घेता येईल, दुसऱ्यांना शिकवता येईल, तुझं पोरी ऐकतात. बोलता बोलता त्यांचं त्यांनाच पटेना आणि त्या थांबल्या.

मग सर म्हणाले, “मी घरी येऊन शिकवीन. शाळेत यायला नको.”

काडीनं सुरी खाली ठेवली. “सर, मला गणित आवडत नव्हतं. पळायला मिळावं म्हणून करत होते.”

“ते मला तेव्हाही माहीत होतं,” सर म्हणाले.

“मग?”

फळ्यापाशी असते तर सर उत्तर देऊन मोकळे झाले असते. ते खुर्चीत वाकून बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांमध्ये. काडीला त्यांची दया आली असावी, कारण ती म्हणाली, “तुम्ही चांगलं शिकवलंत. मला समजत होतं.” आणि पुन्हा कांदे चिरायला लागली.

परत येताना बसथांब्यावर आम्ही बराच वेळ उभे होतो. सर म्हणाले, “मी तिला मुद्दाम पाडत राहिलो असतो तर बरं झालं असतं का हो? ती जिल्ह्याच्या यादीत आली नसती. डॉक्टरनं तपासलंच नसतं.”

“आणि ती पळतच राहिली असती,” शिट्टीबाई म्हणाल्या.

“हो. तेही आहेच.”

इतकी वर्षं भांडणारी ती दोघं त्यानंतर कधी भांडली नाहीत. मला ते भांडण असतं तर बरं वाटलं असतं.

बाई बदलल्या. कुलूप निघालं, सकाळचा सराव पुन्हा सुरू झाला, पण त्यांच्या तोंडून “आणखी जोरात” हे शब्द निघेनात. पोरं गादीवर आपटली की बाई आधी त्यांच्या ओठांचा रंग बघायच्या. कोणी छातीवर हात ठेवला की या धावत जायच्या, आणि पोरं तर काय, खाज सुटली तरी छातीवर हात ठेवतात. सगळ्या मुलांच्या हृदयाची तपासणी करून मिळेल का, म्हणून त्या दवाखान्यात दोनदा जाऊन आल्या. आजारी माणसांनाच यंत्र पुरत नाही, असं उत्तर मिळालं. त्यात खोटं काही नव्हतं. मग त्यांनी हेडसरांकडे फक्त भूगोल मागितला. हेडसर म्हणाले, “खेळ कोण घेणार? मी?” हेडसरांचं पोट बघून बाईंना हसू आलं, आणि तो विषय तिथंच संपला. शाळेला हळूहळू चषक मिळेनासे झाले. निकाल होता तिथंच राहिला.

मध्ये काही वर्षं गेली. काडी एका औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी असते, असं कुणीतरी सांगितलं होतं. दुकान कुठलं हे बाईंनी विचारलं नाही. तिला भेटायला जायचा धीर त्यांना कधीच झाला नाही.

एका सकाळी बाई शाळेत आल्या आणि माझ्या शेजारी बसल्या. तास सुरू व्हायला अवकाश होता. त्यांनी सांगितलं ते असं.

त्या बसमध्ये मागच्या बाजूला खिडकीपाशी होत्या. बस थांब्यावरून निघाली आणि त्यांना मागून कोणीतरी पळत येताना दिसलं. चेहरा दिसायच्या आधीच त्यांनी ओळखलं. खांदे सैल, पाय लांब, जणू रस्ता तिच्याखालून आपणच सरकतोय. खांद्याला पर्स होती आणि ती एका हातानं धरली होती, तेवढाच फरक. बाई उठल्या. ड्रायव्हरला बस थांबवायला सांगायचं म्हणून त्या गर्दीतून पुढे सरकायला लागल्या, लोकांना ढकलत. बाहेर ती बसच्या बरोबरीनं आली होती. कुणीतरी बसच्या पत्र्यावर थाप मारली, बस हळू झाली आणि काडी आत चढली.

तिला धापही लागली नव्हती. बाईंना मात्र लागली होती.

“बाई, तुम्ही?” काडी म्हणाली. “बसा ना, पडाल.”

“पळू नकोस,” बाई म्हणाल्या. इतक्या वर्षांनी भेटल्यावर पहिलं तोंडातून तेच निघालं.

“बस सुटली असती.”

“दुसरी आली असती.”

काडी हसली. दोघींना शेजारी जागा मिळाली. गोळी घेतेस ना, असं बाईंनी विचारलं. ती म्हणाली, दुकानात औषधंच आहेत, घेते, कधी कधी राहून जाते. आईचे हात साबणानं फुटतात, बाकी बरी आहे. काटकोनसर कसे आहेत, निवृत्त झाले का, असं तिनं विचारलं. दुकानातला हिशेब ती तोंडीच करते आणि मालक दर वेळी यंत्रावर तपासून बघतो, हे सांगून ती पुन्हा हसली.

उतरायच्या आधी काडी म्हणाली, “त्या वेळी तुम्ही मध्ये उभ्या राहिल्या नसतात, तर काय झालं असतं, असं मी कधी कधी बघत बसते.”

“काय दिसतं?”

“कधी काही दिसतं, कधी काही. तुम्हाला?”

“मलाही,” बाई म्हणाल्या.

तिचा थांबा आला. ती उतरली आणि खिडकीकडे बघून तिनं हात केला. मग फुटपाथवरून चालायला लागली, अगदी सावकाश, बाई बघताहेत हे माहीत असल्यासारखी. बाई मान वळवून बघत राहिल्या. बस कोपऱ्यावर वळेपर्यंत ती चालतच होती. पुढचं त्यांना दिसलं नाही.

“आता चालतच गेली असेल ना हो दुकानापर्यंत?” त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, असेल.

तेवढ्यात घंटा झाली. पहिला तास खेळाचा होता. नववीची पोरं आधीच मैदानावर जाऊन दंगा करत होती. बाई थोडा वेळ तशाच बसून राहिल्या आणि मग उठून खाली गेल्या.